दैफल्लाह कुणाचा

हातात जंतांच्या औषधाची बाटली होती. ती हलवत मी समोरच्या मेंढपाळाला सांगत होतो, बाबा रे, आधी नीट हलवायची, तळाशी बसलेलं वर आलं पाहिजे, मगच मेंढीच्या घशात ओतायची. आणि तेवढ्यात गल्ल्याशेजारचा फोन थरथरला. दम्मामहून पुतण्याचा, सत्तामचा निरोप. काका, निकाल आला. आपण जल्हमचे नाही. एवढंच. पुढे ना सलाम, ना तब्येतीची चौकशी. मी बाटली हलवतच राहिलो. मेंढपाळ म्हणाला, "मुतलक, अरे औषध देतोयस की ताक घुसळतोयस?" मी हसलो. निदान तोंडाचा तसा आकार केला. मग तो नव्या मेंढ्याचं कौतुक सांगायला लागला. मेंढ्याचा बाप कुठला, आजा कुठला, पणज्याने कुठल्या बाजारात कुणाची मान खाली घालायला लावली, सगळं तोंडपाठ. "रक्त चोख पाहिजे बघ. मेंढ्याचं काय न् माणसाचं काय." मी म्हणालो, "तर तर." गेली कित्येक वर्षं ज़रक़ाच्या या दुकानात उभा राहून मी हेच ऐकतोय आणि हेच 'तर तर' म्हणतोय, पण आज ते म्हणताना जीभ टाळ्याला चिकटली. तो गेल्यावर मी स्टुलावर बसलो आणि माझे हात पाहिले. औषधाचा वास येणारे, नखांपाशी पिवळे पडलेले माझेच हात. पण कुणीतरी दुसऱ्याने ठेवायला दिलेत आणि न्यायला कधीही येईल, असं काहीतरी वाटलं. चमत्कारिकच.

मुतलक खलफचा, खलफ नायलचा, नायल जदानचा, जदान सुवैलमचा, सुवैलम दैफल्लाहचा, दैफल्लाह रशीदचा, रशीद जल्हमचा. हे मला कधी शिकवलं ते आठवत नाही, जसं चालायला कधी शिकलो ते आठवत नाही. एवढं आठवतं की खजुराची परात बापाच्या मांडीशी असायची आणि एक नाव बरोबर आलं की एक खजूर. जदान आणि सुवैलम यांची मी अदलाबदल करायचो. मग खजूर परातीत परत. बाप रागवायचा नाही, नुसता वाट पाहायचा, त्याच्याकडे वाट पाहण्याचं कोठार भरलेलं आहे. आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो, मुतलक खलफचा, आणि शेवटी जल्हमपाशी पोचलो की जणू विहिरीचं तोंड सापडलं असा आनंद व्हायचा. शाळेत ज़रक़ाला आणून घातलं तेव्हा शहरातली पोरं मला हसायची, माझ्या बोलण्याला, माझ्या चपलांना. रात्री वसतिगृहात पांघरूण डोक्यावर घेऊन मी ही नावं म्हणायचो. झोप लागायची. इतरांना त्यांच्या आया आठवून लागत असेल. पुढे औषधांचं शिकलो, दुकान थाटलं, लग्न झालं, मुलगी झाली, केस गेले. नावं तिथल्या तिथे राहिली. वाळवंट सोडलं याचं मला फार वाईट वाटलं नाही याचं कारण तेच असावं. वाळवंट मी तोंडात घेऊन आलो होतो.

संध्याकाळी सत्तामला फोन लावला. आमच्यात एक गंमत आहे. काका पुतण्यालाही काकाच म्हणतो आणि बाप मुलाला यबा म्हणतो, म्हणजे बाबा. आपल्याला जे म्हणवून घ्यायचं तेच समोरच्याला परत द्यायचं. मी म्हणालो, "काका, हे काय लिहिलंस?" तो तिकडून मास्तरासारखा बोलायला लागला. तेलाच्या कंपनीत नोकरी, दुपारी उन्हामुळे काम बंद, तेव्हा हा असले उद्योग करतो. टोळीतल्या पोरांचा फोनवर एक गट आहे. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपापली थुंकी नळीत घालून परदेशी पाठवली. बापाकडून मुलाला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला असं एक गुणसूत्र जातं, बाईचा त्यात हात नाही, त्यावरून कोण कुणाचा ते कळतं. बनी जल्हमच्या, म्हणजे आमच्या टोळीच्या, बाकी सगळ्या शाखांचं जुळलं. आपलं नाही जुळलं. "म्हणजे काका, झाड एकच आहे. जे-वन म्हणतात त्याला. पण त्यांची फांदी वेगळी, आपली वेगळी. दोन्ही एकत्र कुठे येतात माहितीये? हजारो वर्षांमागे. जल्हम तेव्हा जन्मायचा होता." त्याने नकाशाही पाठवला होता. वर उत्तरेला, नद्या उगम पावतात त्या डोंगरांत, एक लाल ठिपका. तिथून खाली उतरणारे बाण, सीरियाच्या माळावर, हमादच्या काळ्या दगडांवर, नज्दच्या वाळूत, येमेनच्या कड्यांत, समुद्र ओलांडून सुदानात. "आपल्याशी जुळणारा एक येमेनात सापडलाय. मधाचा व्यापार करतो. आणि एक सुदानात." मी विचारलं, "मग तू आता काय करणार?" तो म्हणाला, "गटावर टाकणार. खरं ते खरं." मी म्हणालो, "अरे, उद्या तर्फाला मागणी घालायला येतायत." "उद्या?" तो म्हणाला. त्याला तारीख ठाऊक नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणाला, "उद्यापर्यंत थांबतो. पण काका, तिथे आजोबा सगळ्यांसमोर नावं म्हणणार ना?"

म्हणणार तर. मागणी घालायला शेख तराद येणार होता, म्हणजे टोळीचं थोरलं घर, रशीदच्या थोरल्या मुलाचा वंश. त्याचा नातू राकान आणि माझी तर्फा विद्यापीठात एकत्र होती, आणि दोघांनी किती वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही ते दोघांनाच माहीत. आमची रीत अशी की दोन्हीकडचे म्हातारे आपापली नावं म्हणत मागे जातात आणि ज्या आज्याशी गाठ पडते तिथे थांबतात. तो म्हणतो रशीद, हा म्हणतो रशीद, मग सगळे अल्लाहचं नाव घेतात आणि कॉफी पितात. मोठी सुंदर गोष्ट वाटायची मला ती. आता त्या रशीदपर्यंत आमचा रस्ताच जात नव्हता. थोरल्या घरातली मुलं थोरल्या घरात किंवा जल्हमच्या रक्तात लग्नं करतात, बाहेर नाही, हे न लिहिलेलं आहे आणि म्हणूनच कुणाला खोडता येत नाही. बाप उद्या नावं म्हणणार, तराद मान डोलावणार, आणि मग कधीतरी, एका महिन्याने, एका वर्षाने, एखाद्या टोणग्याने फोनवर बोट दाबलं की माझी मुलगी फसवून दिलेली सून होणार.

घरी चालत गेलो. ज़रक़ाच्या रस्त्यावर फलाफल तळल्याचा वास होता, गॅसवाल्याची गाडी तीच ती धून वाजवत फिरत होती, आणि मी मात्र नकाशावरच्या त्या डोंगरातल्या माणसाबरोबर चालत होतो. तो माझ्या पुढे होता. पाठ दिसत होती. शेळ्या होत्या त्याच्या, काळ्या, लांब कानांच्या, माझ्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या असतात तशाच. एका वर्षी वरचं गवत संपलं असेल म्हणून तो खाली उतरला असेल. मुलगा म्हणाला असेल, बा, अजून थोडं पुढे बघू. त्याच्या मुलानेही तेच म्हटलं असेल. असं थोडं थोडं पुढे बघत हे लोक हिरवळ सोडून जिथे काहीच उगवत नाही तिथे येऊन पोचले आणि म्हणाले, हे आमचं. वेडेच म्हणायचे. त्यांतला एक वेडा वाटेत बसून राहिला असेल, त्याचा जल्हम झाला. दुसरा चालत राहिला असेल, त्याचा मी. एकाएकी मला त्या येमेनातल्या मधवाल्याचा चेहरा बघावासा वाटला. त्यालाही सकाळी शिंक आली की एकापाठोपाठ येत असतील का, आमच्या घरात सगळ्यांना येतात तशा? मी रस्त्यात हसलो. पण हसणं टिकलं नाही. तर्फा घरी असणार होती.

"गप्प बसायचं," अल्या म्हणाली. माझी बायको कांदे चिरत होती आणि सुरी थांबली नाही. "सत्तामला म्हणावं, तुझी थुंकी तुझ्याकडे ठेव. मूर्ख! नळीत थुंकून आजे शोधतो. बायको शोध म्हणावं आधी." मी म्हणालो, "अगं, पण खरं असलं तर?" "काय खरं? तुमच्या बापाला विचारायला नको, नळीला विचारायचं?" तर्फाने माझ्या हातातून फोन घेतला होता. शाळेत विज्ञान शिकवते ती. नकाशा मोठा करून, लहान करून पाहत होती. मग एकदम हसायला लागली. "यबा, हे गुणसूत्र माझ्यात नाहीच आहे. तुमचं भांडण तुमच्या पुरुषांचं. मी आपली कोरी." तिच्या हसण्याने मला इतकं बरं वाटलं की मीही हसलो, अल्यासुद्धा कांद्याच्या पाण्यातून हसली. मग तर्फाने फोन उपडा ठेवला. "राकानला मी आजच सांगू शकते. तो काही बोलणार नाही. पण आजोबांनी उद्या तिथे ते नाव म्हणायचं आणि मी पडद्यामागे बसून ऐकायचं, ते नाही जमायचं. लपवून मी त्या घरात जाणार नाही, यबा. नाही म्हणाले तर नाही." हे बोलताना तिचा आवाज शेवटी थोडा पडला. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, घट्ट, इतकं की बोट पांढरं झालं. मला तिचं बोट सोडवावंसं वाटलं. पोरगी मला जिवापेक्षा प्यारी आहे, आणि तिच्यासाठी मी शंभर आजे सोडून देईन, पण उद्या तिथे माझे आजे नव्हते सोडायचे. बापाचे होते.

सकाळी लवकर आम्ही गाडीने बापाकडे निघालो. दोघी मागे, मिठाईचे खोके मांडीवर. अझरक गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना काळे दगड सुरू होतात. लहानपणी या दगडांतून उंटांमागून चालताना पायांची सालं निघायची. उंटांच्या मानेवर तापल्या सळईचा डाग असायचा, जल्हमचा, एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर आडवी. डाग नसलेला उंट म्हणजे बेवारशी, त्याला कुणी विचारत नाही. लोक घराण्याला डाग लागला म्हणून रडतात, आमच्याकडे डाग नसला तर रडावं लागतं. आमच्या उंटांना त्या रेघेच्या पायथ्याशी, जरा डावीकडे, आणखी एक ठिपका होता. आईला विचारलं तर म्हणाली, कुणा आज्याचा हात घसरला असेल. मी म्हणालो, दर वर्षी तिथेच घसरतो? तिने पाठीत धपाटा घातला. एवढंच माझं संशोधन. दुसरा धपाटा आठवतो तो बापाचा, आयुष्यातला एकुलता एक. दारात पाहुणा आला होता, धुळीने माखलेला, आणि मी धावत जाऊन विचारलं, "कुठून आलात? नाव काय तुमचं?" बापाने मला तंबूमागे नेलं आणि थोबाडीत दिली. पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नसतं. खाऊ-पिऊ घालायचं, निजायला जागा द्यायची, आणि तो सांगेल तेव्हा ऐकायचं. मी रडत म्हणालो, आणि त्याने नाहीच सांगितलं तर? बाप म्हणाला होता, तर नाही. गाडी चालवताना हे दोन्ही धपाटे एकदमच आठवत होते आणि पाठीची जागा खरोखर खाजत होती. मी आरशातून तर्फाकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती.

बापाचं सिमेंटचं घर आहे, पण तो राहतो शेजारच्या तंबूत. घरात शीतकपाट आहे, ते मीच आणून दिलेलं, आणि त्यात तो उंटांची औषधं ठेवतो. मी गेलो तेव्हा कॉफी कुटत होता. बायका घरात गेल्या. मी त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं, बसलो, तोंड उघडलं, मिटलं. त्याने कुटणं थांबवलं नाही. "बोल. गाढवासारखा काय श्वास टाकतोयस?" मी सांगितलं. सगळं, नळी, थुंकी, फांद्या, येमेनातला मधवाला. आपण जल्हमचे नाही हे शब्द मी जमिनीकडे बघून बोललो. मुसळाचा आवाज थांबला. मला वाटलं, आता हा म्हातारा माझ्यासमोर मोडणार, आणि मोडणारा मी. तो म्हणाला, "थुंकी टपालाने पाठवली?"

"हो, यबा."

"आणि ती पोचली?"

"पोचली."

"अजब आहे. मी पाठवलेलं तूप कधी धड पोचलं नाही दम्मामला." मग त्याने वेलदोडे टाकले आणि पुन्हा कुटायला लागला. कुटता कुटताच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हण बघू. सुरुवातीपासून." आणि मी, डोक्यावर केस नसलेला, बापाच्या मांडीशी बसून म्हणायला लागलो. मुतलक खलफचा, खलफ नायलचा. जदान आणि सुवैलम नीट आले. दैफल्लाह रशीदचा, मी म्हणालो, आणि त्याने हात वर केला.

"रशीदचा कोण?"

 हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी स्वतःला विचारला नव्हता.

"रशीदचा मुलगा, असं मी तुला कधी सांगितलं?" नव्हतं सांगितलं. रशीदचा, एवढंच. पुढचा शब्द मी मनात घातला होता, कारण बाकी सगळ्यांच्या पुढे तोच होता. "दैफल्लाह म्हणजे काय रे?"

"अल्लाहचा पाहुणा."

"मग? शिकलास ना तू? औषधांच्या बाटल्यांवरची एवढी बारीक अक्षरं वाचतोस." तो हसला, दात नसलेलं हसू. मग सांगितलं. एक माणूस आला, एकटा, एका उंटावर. मागे कुणीतरी लागलं होतं. त्याने रशीदच्या तंबूचा खांब धरला. कुठून आला, रक्त सांडून आला की काय, रशीदने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दैफल्लाह हे नावही त्याचं नसेल, कुणीतरी ठेवलेलं असेल. तो परत गेलाच नाही. त्याला मुलगे झाले, उंट झाले, तेव्हा रशीद म्हणाला, माझा डाग घे. तुझ्यावर कुणी धावून आला तर तो माझ्यावर आला. आणि खाली एक ठिपका दे, म्हणजे हे मी माझ्या खुशीने दिलं याला साक्षी राहील. आमच्यात त्या ठिपक्याला साक्षीच म्हणतात; इतर टोळ्यांच्या डागांतही असतात तसले ठिपके, प्रत्येकाची आपली गोष्ट. मी ऐकत होतो आणि छातीत काहीतरी सैल होत होतं, आणि त्याबरोबर रागही येत होता, लहान मुलाला येतो तसा. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"डागायची सळई हातात देताना सांगायचं असतं. माझ्या बापाने मला तसंच सांगितलं. सळई तापलेली असते, उंट ओरडत असतो, तेव्हा सांगितलेलं माणूस विसरत नाही." त्याने निखारा सारखा केला. "तू येशील, म्हणशील, यबा, आता माझे उंट. मग देईन म्हटलं. तू आलास ते शीतकपाट घेऊन." तो चिडला नव्हता. वाट पाहिली होती त्याने, खजुराची परात मांडीशी घेऊन, आणि मी एक नाव न म्हणताच उठून गेलो होतो. मी विचारलं, "तरादला माहीत आहे हे?" "कोण जाणे. त्याने कधी काढलं नाही, मी कधी काढलं नाही." मग मी तर्फा काय म्हणाली ते सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.  "पोरगी आगाऊ आहे," तो म्हणाला. "नायलवर गेली." आणि पुन्हा कुटायला लागला, पण आता ठेक्यात, लांबून येणाऱ्याला बोलवायला कुटतात तसा.

दुपारी ते आले. गाड्यांची धूळ आधी आली, मग म्हातारे. तराद माझ्या बापाएवढाच, पण ताठ, पांढरी दाढी, मागे राकान, मान खाली. त्याचा चेहरा पाहून कळलं की तर्फाने त्याला सांगितलं आहे. कॉफीचा पेला तरादसमोर ठेवला. रीतीप्रमाणे त्याने तो उचलला नाही, तसाच जमिनीवर राहू दिला. मागणं मान्य होईपर्यंत कुणी घोट घेत नाही. मग त्याने मुलगी मागितली, चांगल्या शब्दांत, आणि नावं म्हणायला लागला, आणि रशीदपाशी थांबला. सगळ्यांनी माझ्या बापाकडे पाहिलं. पडद्यामागे कुणीतरी खोकलं.  बाप म्हणायला लागला. नायल, जदान, सुवैलम. दैफल्लाह. आणि तो थांबला. एवढा थांबला की एकाला वाटलं म्हातारा विसरला, त्याने हळूच आठवण करून दिली, "रशीदचा." "रशीदचा," बाप म्हणाला. "रशीदचा पाहुणा. मुलगा नव्हे. खांब धरून आलेला. आम्ही रक्ताने तुमचे नाही, तराद. माझी नात म्हणते, लपवून मी येणार नाही. म्हणून सांगितलं. आता पेला तुझ्यासमोर आहे."

 तरादच्या शेजारी बसलेला एक लठ्ठ माणूस, राकानचा कुणी काका असावा, त्याच्या कानाशी वाकला आणि काहीतरी कुजबुजला, आणि मला त्यातला "बाहेरचे" एवढा शब्द ऐकू आला.  पाहतो तर राकानने मान वर केली होती आणि तो आजोबाकडे रोखून बघत होता, असा की आता उठेलच. तरादने हाताने दोघांनाही बसवलं. पेल्याकडे बघत होता तो. वरची वाफ विरायला लागली होती. "खलफ," तो म्हणाला, "मी मिसरूड फुटलेला पोर होतो, तेव्हा आजोबांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, दैफल्लाहच्या घरातलं कुणी आपणहून बोललं तर ऐक. नाही बोललं तर तू जन्मात बोलू नकोस. पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नसतं." त्याने लठ्ठ माणसाकडे पाहिलं. "आमच्या घरात ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत." मग माझ्या बापाकडे वळून, एकदम निराळ्या आवाजात, "आता यजमान पाहुण्याच्या दारात मुलगी मागायला आलाय आणि पाहुणा कॉफी थंड करतोय. द्यायची आहे का नाही रे पोरगी?" बाप म्हणाला, "घेऊन जा, आगाऊ आहे." आणि पडद्यामागून अल्याने जी आरोळी ठोकली, आनंदाची, जिभेने कंप देत, ती ऐकून बाहेरचे उंटही माना वर करून बघायला लागले असतील. लठ्ठ माणसानेही कॉफी घेतली. दोनदा घेतली.

सत्तामला निरोप पाठवला, खुशाल टाक गटावर. त्याने विचारलं, गटाच्या तक्त्यात काय लिहू? मी लिहिलं, रशीदचे पाहुणे. तो म्हणाला, काका, तसा रकाना नाही तिथे.

तरादने जाताना एक उंटीण ठेवली, तर्फाच्या घरासाठी म्हणून, वर्षाची, अजून कुठलाच डाग नसलेली. ऊन उतरलं होतं. बापाने सळई विस्तवात घातली होती आणि मी ती पाहत होतो. एका टोकाला सरळ, दुसऱ्या टोकाला खिळ्याच्या डोक्याएवढी गोल. मागे थांबलेल्या राकानने आणि आणखी दोघांनी उंटिणीला बसवून धरलं. तर्फा बाहेर येऊन उभी राहिली, ओढणीचं टोक मोकळं. बापाने सळई उचलली, फडक्यात धरली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "धर, यबा." आयुष्यभर तो मला यबा म्हणत आलाय आणि मी ते ऐकलंच नव्हतं म्हणायचं. मी धरली. उभी रेघ दिली, केस जळल्याचा वास आला, वर आडवी दिली, उंटीण बोंबलत होती. मग सळई उलटी केली. ठिपका नेमका रेघेच्या पायथ्याशी द्यायचा, अगदी खाली, मधोमध, असं मी ठरवलं होतं, दुकानात सुई टोचतो तसा, हात न हलवता. पण उंटिणीने मान टाकली, माझे डोळे भरलेले होते, आणि हात घसरला. ठिपका जरा डावीकडे पडला. "चुकला," मी म्हणालो. बाप वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिला. "नाही," तो म्हणाला, "तो तिथेच पडतो."